लाईट गेली तरी वाचता येईल असं पुस्तक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त वाचनकट्ट्याच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा संक्षेप केला आहे.)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत. छत्तीस वर्षं बँकेत काढल्यामुळे वेळ संपली की खिडकी बंद करायची सवय अंगवळणी पडलेली आहे, तेव्हा काळजी नसावी. कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय ‘वाचनकट्ट्याची वाटचाल’ असा छापला आहे. पण कट्टा केव्हा सुरू झाला, किती बैठका झाल्या, कपाटात किती पुस्तकं आहेत, हे सगळं अहवालात आलेलं आहे. ते मी पुन्हा वाचून दाखवत नाही. मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. दर वर्षी मे महिन्याच्या सुट्टीसाठी आपण सगळे मिळून एक पुस्तक निवडतो. ते कसं निवडतो, आणि त्या निवडीचा लाईट जाण्याशी काय संबंध आहे, एवढंच.

हा विषय आत्ताच काढायला कारण आहे. सर्वसाधारण सभेत जनरेटरचा ठराव मंजूर झाला. येत्या उन्हाळ्यापासून लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे आणि प्रत्येक घरातले दोन दिवे, दोन पंखे बॅकअपवर चालणार. ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला. सभा संपल्यावर एका तरुण सभासदाने हसत हसत विचारलं, “काका, आता तुमच्या सुट्टीच्या पुस्तकाचं काय? अंधारच नाही म्हटल्यावर खाली कोण येणार?” त्याने गमतीने विचारलं, पण प्रश्न गमतीचा नाही. त्याचं उत्तर द्यावं म्हणून आज उभा राहिलो आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत जे राहायला आले त्यांना आधीची परिस्थिती सांगायला हवी. आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. दोन विंग, चार मजले, बत्तीस बिऱ्हाडं. सुरुवातीचा वाचनकट्टा चारचौघांसारखाच होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी जमायचं, सगळ्यांनी घरी एकच पुस्तक वाचून यायचं आणि त्यावर बोलायचं. येणारे सात-आठ जण. त्यातल्या निम्म्यांनी पुस्तक पुरं वाचलेलं असे, बाकीचे चहासाठी येत. चहा चांगला असे, हेही नमूद करायला हवं.

२००५ नंतर राज्यात विजेचा तुटवडा वाढला आणि भारनियमनाचं वेळापत्रक आलं. सरकारी शब्द भारनियमन, पेपरातला शब्द लोडशेडिंग, आणि आपण म्हणायचो ‘लाईट गेली’. फीडरवर गळती किती आणि बिलांची वसुली किती यावरून गट पाडलेले होते, ए पासून एफ पर्यंत. वसुली चांगली असेल तिथे अंधार कमी, वसुली वाईट असेल तिथे जास्त. आम्हा बँकवाल्यांना हे पटकन समजलं. पण महिन्याच्या महिन्याला बिल भरणारा आणि तारेवर आकडा टाकणारा, दोघेही एकाच फीडरवर असले तर एकाच अंधारात बसणार, हे समजलं तरी पटत नव्हतं. तरी आपण शहरातले. खेड्यांत बारा-बारा तास वीज नसे, हे विसरून चालणार नाही.

मे महिन्यात संध्याकाळची पाळी आली की घरात बसवत नसे. दिवसभर तापलेला स्लॅब, पंखा बंद, खिडकी उघडी ठेवावी तर डास. माणसं आपोआप खाली पार्किंगमध्ये यायची. कोणी ओट्यावर, कोणी जिन्याच्या पायऱ्यांवर, कोणी घरून खुर्ची आणून. सुट्टीला आलेली नातवंडं, माहेरपणाला आलेल्या मुली, त्यांचे यजमान. दीड-दोन तास काय करायचं? पहिले दोन दिवस सगळ्यांनी वीज कंपनीला नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यातली गोडी गेली.

तेव्हा बी विंगमधल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी घरून चार्जिंगचा दिवा आणि ‘श्यामची आई’ आणली. निवडीमागे मोठा विचार नव्हता, त्यांच्या हाताला ते पुस्तक लागलं. पण लागलं ते बरोबर लागलं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झालं. त्यातल्या प्रकरणांना प्रकरण म्हटलेलं नाही, ‘रात्र’ म्हटलं आहे. अशा बेचाळीस रात्री आहेत. दिवसभराची कामं आटोपून, प्रार्थना झाल्यावर, गोल बसलेल्या मंडळींना श्याम आपल्या आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे पुस्तकाची रचनाच मुळी आपल्या पार्किंगसारखी. परीक्षा संपल्यावर सुरू केलेलं वाचन शाळा उघडायच्या आत संपलं. पहिल्या रात्री अकरा माणसं होती, शेवटच्या रात्री चाळिसाच्या वर. मी वहीत आकडे लिहून ठेवत असे, ती वही आजही आहे. पहिल्या रविवारच्या बैठकीला सात-आठ, आणि अंधारात चाळीस. तेव्हापासून ‘सुट्टीचं पुस्तक’ ही वेगळी गोष्ट झाली.

पुढच्या वर्षी मात्र रीतसर निवड करायची ठरली, आणि रीतसर म्हटलं की मतभेद आलेच. चांगलं पुस्तक सुचवायला आपल्याकडे कोणी कमी नाही. एकाने ‘मृत्युंजय’ सुचवलं. शिवाजी सावंतांची १९६७ सालची कादंबरी, लेखक आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातले, कर्णाची कथा. नाही म्हणायला कोणाची जीभ वळणार? मी फक्त हिशेब मांडला. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं तर एका पानाला दोन ते अडीच मिनिटं लागतात. घड्याळ लावून पाहिलेलं आहे. ‘मृत्युंजय’ सातशेच्या आसपास पानांचं. म्हणजे पंचवीस ते तीस तास. रोज अर्धा तास वाचलं तर पन्नास ते साठ रात्री, आणि मे महिन्याला दिवस एकतीस.

त्यावर कोणीतरी म्हणालं, मग प्रत्येकाने घरी वाचावं, खाली येऊन फक्त चर्चा करू. तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या आजी बोलल्या. जुन्या सभासदांना त्या आठवत असतील. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेलेली होती. त्या कधी सभेत बोलत नसत. त्यांनी एवढंच विचारलं, “तुम्ही सगळे घरी वाचाल. मला कोण वाचून दाखवणार?”

सभा गप्प झाली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत की डोळे पुसले नाहीत. पण त्या एका प्रश्नाने निवडीची पद्धत कायमची ठरली. बँकेत कर्ज देताना आम्ही कागदपत्रांची यादी पुढे ठेवत असू, तशी सुट्टीच्या पुस्तकासाठी आपली एक यादी तयार झाली. ती आज पहिल्यांदाच छापली जाते आहे, म्हणून सांगतो.

पहिली कसोटी, पुस्तक कानाने समजलं पाहिजे. पान उलटून मागे बघायची सोय ऐकणाऱ्याला नसते. वंशवेल, तळटिपा, एकसारखी नावं असलेली दहा पात्रं असतील तर ते पुस्तक घरी वाचावं.

दुसरी, एका बैठकीत एक तुकडा पुरा झाला पाहिजे. वीस ते पंचवीस मिनिटं, म्हणजे साधारण दहा पानं. त्याच्या पुढे लहान मुलं चुळबुळ करतात आणि मोठी माणसं डुलक्या घेतात.

तिसरी, काल न आलेल्यालाही आज बसता आलं पाहिजे. पाहुणे एक दिवस असतात, दुसऱ्या दिवशी निघतात. ड्युटीवरची माणसं दिवसाआड येतात. त्यांना ‘मागे काय झालं’ हे दोन वाक्यांत सांगता यावं.

चौथी, तिसरीतल्या मुलाला हसू यावं आणि सत्तरीच्या माणसाला कंटाळा येऊ नये. मुलांचं म्हणून बाळबोध नको आणि मोठ्यांचं म्हणून जड नको.

पाचवी, वाचणाऱ्याच्या जिभेवर ते बसलं पाहिजे. निवडण्याआधी कोणीतरी एक पान उभं राहून वाचून दाखवायचं. जे डोळ्यांना सुंदर दिसतं ते तोंडात अडखळतं, असं अनेकदा होतं.

या पाच कसोट्यांवर ‘स्मृतिचित्रे’ उतरलं. लक्ष्मीबाई टिळकांच्या त्या आठवणींचा पहिला भाग १९३४ सालचा. एकेक प्रसंग सुटा, विनोद असा की मुलं हसता हसता सतरंजीवर लोळत, आणि दुःखाचा प्रसंग आला तरी बाईंचा आवाज चढत नाही. आजींचं ते सर्वांत आवडतं. आपण ते दोन वेगवेगळ्या वर्षी वाचलं, दोन्ही वेळा त्यांच्या आग्रहामुळे.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ही उतरली. १९५५ सालची ही छोटेखानी कादंबरी. माडगूळकर आपल्याच जिल्ह्यातल्या, आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, वाडीचा होऊन जातो, आणि शेवटी दुष्काळ सगळी वाडी उठवतो. वाचायला घेतलं ते आमच्यासारख्या शहरी जिभांनी. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री गेटवरून आपले त्या वेळचे वॉचमन मामा जवळ आले आणि म्हणाले, “साहेब, राग मानू नका, पण हे असं नाही बोलत.” मामा जतकडचे, लहानपणी मेंढरांमागे फिरलेले. त्यांनी ते संवाद बोलून दाखवले आणि सगळं पार्किंग एकदम कान देऊन ऐकू लागलं. मामांना अक्षरओळख जेमतेम होती. पुढच्या सगळ्या रात्री आम्ही वाचायचो आणि अडलं की मामांकडे बघायचो. शेवटचा दुष्काळाचा भाग वाचताना मामा उठून गेटकडे गेले. गेटवर काही काम नव्हतं.

विरोधी मतही सांगितलं पाहिजे, नाहीतर इतिवृत्त अपुरं राहील. ए विंगमधल्या डॉक्टरसाहेबांचं म्हणणं असं, की खरं साहित्य माणसाने एकट्याने वाचावं. ‘कोसला’ दहा मिनिटांच्या तुकड्यांत पार्किंगमध्ये वाचून कळणार आहे का? हे कट्ट्याचं कीर्तन करून टाकलंत तुम्ही. त्यांचं म्हणणं खोटं नाही. म्हणूनच आपण दोन खाती वेगळी ठेवली. पहिल्या रविवारचं पुस्तक एकट्याने वाचायचं, ते कितीही कठीण असो. सुट्टीचं पुस्तक सगळ्यांसाठी. एका खात्यातले पैसे दुसऱ्यात वळवायचे नाहीत. डॉक्टरसाहेब नाराज असूनही खाली येत, आणि त्यांचा आवाज सर्वांत चांगला असल्यामुळे त्यांना वाचायलाही लागे.

आता थोडं विजेबद्दल. अंधारात वाचताना आपण काही गोष्टी शिकलो. मेणबत्ती नको, हा पहिल्याच वर्षीचा नियम. वारा, पदर, कागद आणि लहान मुलं एकत्र असताना उघडी ज्योत नको म्हणजे नको. दिवा वाचणाऱ्याच्या समोर ठेवला तर त्याचे डोळे दिपतात. तो खांद्याच्या मागे, थोडा उंचावर हवा. दिवा संध्याकाळीच भरलेला आहे की नाही हे एकाने रोज पाहायचं.

घरोघरी इन्व्हर्टर आले तेव्हा पुष्कळांची समजूत होती, की बटण दाबलं की रात्रभराची सोय झाली. बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. इन्व्हर्टरमध्ये काही ऊर्जा वाया जाते, बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते, आणि ती जुनी होत जाते. हाताशी हजार-बाराशे राहिले तरी पुष्कळ. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो, एलईडी दिवा नऊ-दहा. चार पंखे आणि टीव्ही लावून बसलं तर तीन तासांत खातं रिकामं. एक पंखा आणि एक दिवा ठेवला तर रात्र निघते. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर वेळच्या वेळी घालायचं, फ्रिजचं दार सारखं उघडायचं नाही, दार बंद राहिलं तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. लाईट गेल्यावर फ्रिज, टीव्हीचे स्विच बंद करायचे, म्हणजे वीज परत येताना दाब वरखाली झाला तरी यंत्र जळत नाही. हे सगळं आपण पार्किंगमध्ये, पुस्तक सुरू व्हायच्या आधीच्या पाच-दहा मिनिटांत, एकमेकांना सांगत शिकलो.

सर्वांत उपयोगाची ठरली ती हजेरीची वही. कोण आलं हे मी लिहीत होतो. काही दिवसांनी लक्षात आलं, की कोण आलं नाही हे जास्त महत्त्वाचं आहे. चौथ्या मजल्यावरचे आजोबा का येत नाहीत? लिफ्ट बंद असते आणि गुडघे साथ देत नाहीत. मग दोन मुलं खुर्ची धरून त्यांना आणू लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी का येत नाहीत? घरात ऑक्सिजनच्या मशीनवर असलेले सासरे. तसलं मशीन तीनशे-साडेतीनशे वॅट घेतं, ते इन्व्हर्टरवर किती वेळ चालेल या काळजीत त्या घड्याळाकडे बघत बसलेल्या असत. कोणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे, कोण एकटं राहतं, कोणाला रात्रीचं दिसत नाही, अशी एक यादी वहीच्या मागच्या पानांवर होत गेली. आज ती यादी सेक्रेटरींकडे असते आणि दर सहा महिन्यांनी दुरुस्त होते. तिची सुरुवात वाचनकट्ट्यातून झाली, हे नव्या कमिटीला माहीत असावं.

म्हणून मी जनरेटरच्या बाजूने हात वर केला. काही मंडळी जुन्या लोडशेडिंगच्या आठवणी काढून हळवी होतात, ‘काय मजा होती’ म्हणतात. मजा खाली बसणाऱ्यांची होती. वर घड्याळाकडे बघत बसणाऱ्या वहिनींना विचारा.

२०१२ च्या सुमारास शहरात रोजचं भारनियमन थांबलं. चांगलंच झालं. पण वहीतले आकडे सांगतात, की सुट्टीच्या पुस्तकाची उपस्थिती चाळिसावरून पंधरावर आली, मग नवावर. पंखे चालू, टीव्ही चालू, नंतर प्रत्येकाच्या हातात मोबाईल. एक-दोन वर्षं तर मीच बंद करू या म्हणत होतो. शिक्षिकाबाई ऐकायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, आजी येतात ना? मग एक जरी आलं तरी वाचायचं.

आणि मग ऑगस्ट २०१९ आला. कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, सांगलवाडी सगळं पाण्यात. आपला भाग उंचावर म्हणून आपण कोरडे राहिलो, पण वीज गेली. आपल्या बत्तीस घरांत त्या दिवसांत दुप्पट माणसं होती. कोणाची बहीण, कोणाचे मामा, कोणाच्या ऑफिसातला शिपाई बायको-मुलांसह. इन्व्हर्टर पहिल्याच रात्री संपले. मोबाईल गाड्यांमध्ये चार्ज करून घरच्यांना एक फोन करायचा आणि बंद करून ठेवायचा. पिण्याचं पाणी मोजून. रात्री बाहेर पाऊस, आत मिट्ट काळोख, आणि ज्यांचं घर पाण्याखाली गेलंय अशी मुलं ‘आपण घरी कधी जायचं’ म्हणून विचारतायत.

पहिल्या दोन रात्री वाचन झालं. नंतर चार्जिंगचा दिवा मंद झाला आणि टॉर्चचे सेल जपून ठेवायचे ठरलं, कोणाला रात्री-बेरात्री लागले तर. आम्ही पुस्तक मिटलं. तेव्हा आजी म्हणाल्या, “दिवा कशाला हवा? मला येतंय की.” आणि त्यांनी ‘स्मृतिचित्रे’तले प्रसंग सांगायला सुरुवात केली. शब्दाला शब्द नव्हे, आपल्या शब्दांत, पण क्रम पक्का आणि विनोद जागच्या जागी. दोन वर्षं ऐकलेलं पुस्तक त्यांनी जपून ठेवलं होतं. त्या तासभर सांगत होत्या. आम्हा सगळ्यांना अंधारात चाचपडायला होत होतं, आजींना रोजच्याच सारखं होतं. पुरातून आलेली मुलं पहिल्यांदा त्या रात्री हसली. पुढच्या दोन्ही रात्री मुलांनी त्यांनाच सांगायला लावलं.

त्याच पुरात आपल्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि कित्येक वर्षांच्या पुस्तकांचा लगदा झाला. ते बघून आलो त्या दिवशी जेवण गेलं नाही. छापलेलं पुस्तक जपायला हवंच. पण एखादं पुस्तक चार माणसांच्या कानांत, तोंडांत गेलेलं असलं तर ते आणखी एका जागी सुरक्षित असतं, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

आजी आता नाहीत. मग त्यांचा प्रश्नही गेला का? “मला कोण वाचून दाखवणार?” मला वाटतं, तो आज जास्त घरांत आहे. आपल्या सोसायटीतली बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यात गैर काही नाही, माझी नातवंडंही तिथेच आहेत. त्यांना मराठी समजतं, बोलता येतं, देवनागरी अक्षरं जुळवता येतात. पण पानभर वाचायचं म्हटलं की त्यांना दम लागतो. पुस्तक मिटून ती बाजूला ठेवतात. बी विंगमधल्या एक सूनबाई विजापूरकडच्या, कन्नड शाळेत शिकलेल्या. त्यांचं मराठी आता आपल्यापेक्षा गोड आहे, पण वाचायला त्यांना कन्नडच सोपं जातं. घरकामाला येणाऱ्या मावशी आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवलेले दोघे-तिघे आहेत, त्यांची नावं घेत नाही, ते इथेच बसले आहेत. एका आजींची जागा आता वीस जणांनी घेतली आहे. त्यांच्या कानांना काही झालेलं नाही, फक्त पान आणि त्यांच्यामध्ये काहीतरी आडवं येतं.

कोणी म्हणेल, मोबाईलवर ऑडिओबुक असतात की. असतात, मीही ऐकतो, चांगली असतात. पण मुलाने मध्येच ‘म्हणजे काय?’ विचारलं तर ते थांबत नाही. आणि चुकीचा उच्चार केला तर त्याला मामा भेटत नाहीत.

गेल्या मे महिन्याचं, म्हणजे २०२५ चं उदाहरण घ्या. पुस्तक निवडलं मुलांनी. डॉ. जयंत नारळीकरांचा विज्ञानकथांचा संग्रह, ‘यक्षांची देणगी’. १९७९ सालचा. नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवली होती. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव, कारण नावाला बक्षीस नको होतं. मुलांना ही गोष्ट फार आवडली. मे महिन्यातच पावसाने ठाण मांडलं होतं, फांद्या तारांवर पडत होत्या, आठवड्यातून दोन-तीनदा लाईट जात होती. आपलं वाचन चालू असतानाच २० मे रोजी नारळीकर गेल्याची बातमी आली. त्या संध्याकाळी लाईट होती. तरीही वहीत सत्तावीस नावं आहेत. आठवीतल्या एका मुलाने त्या दिवशी स्वतःहून पुस्तक हातात घेतलं आणि अडखळत का होईना, दोन पानं वाचली. कोणी त्याला दुरुस्त केलं नाही, तो अडला तिथे सगळे थांबले. पूर्वी कधीही तो मराठी पुस्तकाला हात लावत नसे, हे त्याच्या आईने नंतर सांगितलं.

तरुण मित्राच्या प्रश्नाचं उत्तर या सत्तावीस नावांत आहे. अंधार होता म्हणून माणसं खाली आली, हे खरं. पण वाचून दाखवणारं कोणी आहे, म्हणून ती बसली. जनरेटर आला की पहिलं कारण संपेल. दुसरं आपल्या हातात आहे. उगाच गंमत म्हणून दिवे घालवण्याची नाटकं करायची नाहीत. पार्किंगमधले दिवे लावू, स्टँडवरचा पंखा लावू, आजोबांना लिफ्टने खाली आणू आणि वाचू. पूर्वी नाइलाजाने येत होतो, आता ठरवून यायचं, एवढाच फरक.

शेवटी माझ्या तीन विनंत्या, त्या कमिटीने नोंदवून घ्याव्यात.

पहिली, येत्या मे महिन्यासाठी पुस्तकांची नावं गुढीपाडव्यापर्यंत कपाटाजवळच्या पेटीत टाकावीत. नावाबरोबर आपण त्यातलं एक पान मोठ्याने वाचून दाखवायला तयार आहोत, असं लिहावं. नुसती नावं सुचवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

दुसरी, निवडीच्या बैठकीत निदान पाच मतं अशांची असावीत, ज्यांना ते पुस्तक स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येणार नाही. त्यांना बोलवायला आपण घरी जावं. नोटीस बोर्डवर लिहून भागणार नाही, कारण अडचण तीच आहे.

तिसरी, जनरेटर आला तरी चार्जिंगचा दिवा दर शनिवारी भरून ठेवावा. डिझेल संपतं, यंत्र बिघडतं, नदी कोणाला विचारून येत नाही. तो दिवा आणि वही कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत. किल्ली सध्या माझ्याकडे आहे, ती आज मी त्या आठवीतल्या मुलाच्या हाती देतो आहे. तो आता नववीत आहे. उंची माझ्यापेक्षा जास्त आहे, कप्प्याला हात पोचतो.

माझी वीस मिनिटं झाली. खिडकी बंद करतो.